ड्रमवर लिहिलेले गावाचे नाव बरणीवरही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या गावभागात खानावळ चालवते. कॉलेजची मुले, बँकेत नव्याने लागलेली पोरे, मार्केट यार्डात दिवाणजी म्हणून काम करणारे दोघे-तिघे वयस्कर, असे माझे जेवणारे. त्यांच्या ताटात डाव्या बाजूला रोज जी लोणच्याची फोड पडते, तिच्याबद्दल हे पत्र आहे. मागणी एवढीच, की लोणच्याच्या बरणीवर कैरी कुठल्या गावची, कुठल्या जातीची आणि कुठल्या महिन्यात मिठात घातली, हे मराठीत छापलेले असावे. मागणी लहान दिसते. पण आपल्या जिल्ह्यातली बांधावरची जुनी आंब्याची झाडे उभी राहणार की आडवी होणार, हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरणार आहे. शिराळ्याकडचा एक छोटा लोणच्याचा कारखाना आणि त्याचे दुकान बघून आल्यापासून माझे हे मत पक्के झाले आहे.

पूर्वी मी लोणचे घरीच घालत होते. सासूबाईंच्या वेळच्या चिनी मातीच्या मोठ्या बरण्या होत्या. ज्येष्ठात कैरी आणायची, अडकित्त्यावर फोडायची, की वर्षाची बेगमी झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले, त्यात खालच्या खोलीतले सगळे गेले आणि बरण्याही गेल्या. घर धुऊन, गाळ काढून खानावळ पुन्हा सुरू केली, पण लोणच्याचे काम काही परत अंगावर घेता आले नाही. तेव्हापासून पंधरा किलोचा विकतचा डबा येतो.

मध्यंतरी एका घाऊक दुकानातून आणलेल्या डब्यात पळी फिरवली की नुसता खारच वर यायचा. मी तो डबा चाळणीवर उपसला, रात्रभर निथळू दिला आणि सकाळी काट्यावर घातला. फोडी निम्म्याही भरल्या नाहीत. अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे तेलातल्या लोणच्यात निथळल्यानंतर फळाचा भाग निदान ६० टक्के लागतो आणि फोडी तेलात बुडालेल्या असाव्या लागतात. माझ्याकडे जेवणाऱ्या आणि अन्नप्रक्रियेचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलाने तो नियम मला वाचून दाखवला. दुकानदाराने डबा बदलून दिला, विषय तिथे मिटला. पण आपण पोरांच्या पुढ्यात जे वाढतो ते कुठे होते, कोण करते, कशाचे करते, हे एकदा डोळ्यांनी बघावे असे तेव्हापासून मनाने घेतले होते.

आरळ्याचा एक मुलगा माझ्याकडे आहे. त्याच्याकडून या कारखान्याचे कळले. "मावशी, आमच्या बांधावरच्या कैऱ्या तिकडंच जात्यात," म्हणाला. खानावळीला सुट्टी असते त्या दिवशी मी आष्ट्यावरून पेठ नाका आणि तिथून शिराळ्याची एसटी धरून गेले. पत्र्याची लांब शेड, रस्त्याच्या अंगाला दुकान, मागे कैऱ्या धुवायचा हौद आणि चिंचेच्या सावलीत नुकताच ओतलेला कैऱ्यांचा ढीग. आधी फोनही केला नव्हता. मालक चाळिशीचा आहे, गल्ल्यावर त्याची आई बसते. मला कारखाना बघायचा आहे म्हटल्यावर त्याने, चप्पल बाहेर काढा, हात धुवा आणि ही टोपी डोक्याला घाला, एवढेच सांगितले. कुठून आलात, कशाला बघायचे, असे काही नाही. माझ्याआधी एक कुटुंब लहान मुलांना घेऊन आत बघत उभे होते.

बायका ओळीने पाटावर बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे फळीवर ठोकलेला मोठा अडकित्ता. कैरी उभी धरायची, पाते बरोबर मधोमध आले की एका दाबात बाठीसकट दोन भाग. आतली कोय बोटाने उडवायची, बाठीला आतून चिकटलेला कागदासारखा पापुद्रा फडक्याने पुसून काढायचा, मग फोडी. पापुद्रा राहिला तर लोणचे कडवटते. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर अक्कांच्या शेजारी मी बसून राहिले. त्या कैरी फोडायच्या आधी देठाशी नाक नेत होत्या. पाडाला लागलेली कैरी देठाशी किंचित गोड वास देते, ती लोणच्याला चालत नाही. तशा कैऱ्यांची पाटी वेगळी होती, ती गुळांब्याला. उरलेल्या कैरीत बाठ धरली आहे की नाही हे त्यांना अडकित्त्याच्या आवाजावरून कळायचे. "बाठ धरली नसंल तर फोडीचा म्हैन्यात लगदा हुतोय, आन् लई निबर झाली तर अडकित्ता उडतोय," त्या म्हणाल्या. दिवसभर हे करून त्यांच्या उजव्या तळव्याला अंगठ्याखाली जाड घट्टा पडला आहे. हात दाखवा म्हटल्यावर त्यांनी तो पदराला पुसून माझ्यापुढे धरला.

फोडींना जाडे मीठ आणि हळद लागते. शंभर किलोला पंधरा ते वीस किलो मीठ. त्याने फोडींना पाणी सुटते आणि फोडी त्या पाण्याखाली दबून राहाव्या लागतात, म्हणून ड्रममध्ये वरून जाळी आणि जाळीवर वजन ठेवतात. कैरी मुळात आंबट, त्यात एवढे मीठ, मग कुजवणारे जंतू तग धरत नाहीत. मालकाने त्या पाण्यात एक काचेची नळी तरंगवून दाखवली. ती जितकी वर राहील तितके मीठ जास्त. आमच्या सासूबाई या कामाला करंगळी बुडवून जिभेला लावत.

हळद आपल्या सांगली बाजारातली, राजापुरी. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, हे तिथल्या मुकादमबाईंनाही माहीत होते आणि त्यांनी ते मला अभिमानाने सांगितले. पुढचे बहुतेक घरच्यासारखेच. मोहरीची डाळ, तळून कुटलेली मेथी, हिंग, तिखट. फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय मसाल्यावर ओतत नाहीत, नाहीतर मोहरीचा जोर मरतो आणि फोडी मऊ पडतात. तेल मात्र सरकीचे. मी शेंगतेलाचे लोणचे खात वाढलेली बाई, मला ते आवडले नाही, तसे मी त्याला सांगितलेही. शेंगतेल घातले तर भाव कुठे जाईल हे त्याने मला तिथेच हिशेब करून दाखवले. पाऊचमधल्या लोणच्यात ते टिकावे म्हणून सोडियम बेंझोएट घालतात, पाकिटावर ते २११ या क्रमांकाने लिहिलेले असते. काचेच्या बरणीतल्या लोणच्यात घालत नाहीत. विचारल्यावर त्याने दोन्ही लेबले माझ्या हातात दिली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, त्या ड्रमकडे येते. भिंतीलगत छातीएवढ्या उंचीच्या निळ्या ड्रमांच्या रांगा होत्या आणि प्रत्येकावर खडूने लिहिलेले होते. कोकरूड, २९ मे. गिरजवडे, ३१ मे. मणदूर, २ जून. कोपऱ्यातल्या काहींवर राजापुरी, गुजरात. (ही राजापुरी म्हणजे आंब्याची जात, हळदीची नव्हे.) मला वाटले, पैसे चुकते करायचे म्हणून गावे लिहिली असतील. मालक म्हणाला, पैसे तर जागेवरच काट्यावर दिले जातात, हे आमच्या कामासाठी आहे. गावागणिक, कधीकधी झाडागणिक कैरीचा आंबटपणा वेगळा, गराची जाडी वेगळी, मुरायला लागणारा वेळ वेगळा. कोकरूडच्या एका मळ्यातली कैरी लवकर मुरते, तिला आधी मसाला लागतो. मणदूरकडची निबर, ती दिवाळीपर्यंत थांबवली तरी फोड कडक राहते. म्हणून एका गावची कैरी दुसऱ्या गावच्या कैरीत मिसळत नाहीत. कुठला ड्रम कधी उघडायचा, हे त्या खडूच्या अक्षरांवरून ठरते.

तिथून चार पावलांवर भरणीचे टेबल. बरणीवर पॅकिंगची तारीख, बॅच क्रमांक, मुदत, वजन, किंमत, परवान्याचा १४ आकडी क्रमांक, सगळे होते. गाव नव्हते. कैरी रायवळ की राजापुरी, तेही नव्हते. आणि पॅकिंगची तारीख ही बरणी भरल्याची तारीख असते. जूनमध्ये खारवलेली कैरी फेब्रुवारीत मसाल्यात पडली तर बरणीवर फेब्रुवारी येतो. ही फसवणूक नव्हे, नियमाप्रमाणेच आहे, आणि नीट खारवलेल्या कैरीला आठ महिने काहीही होत नाही. पण गिऱ्हाइकाला ज्यात सगळ्यात जास्त रस वाटावा अशी माहिती खडूने आतच राहते आणि ड्रम रिकामा झाला की ओल्या फडक्याने पुसली जाते.

मला याचे इतके का वाटते, ते रायवळ आंब्याशिवाय सांगता येणार नाही. हापूस कलमाचा, म्हणून एका बागेतली सगळी झाडे एकसारखे फळ देतात. रायवळ कोयीपासून उगवतो, त्यामुळे प्रत्येक झाड निराळे. माझे माहेर त्याच वारणेकाठच्या पट्ट्यातले. आमच्या बांधावर शेप्या होता, त्याच्या फळाला शेपूच्या भाजीचा वास यायचा. ओढ्याला खोबऱ्या, पांढरट घट्ट गराचा. मळ्याच्या वाटेवर साखऱ्या, त्याची फळे घरापर्यंत पोचायचीच नाहीत, वाटेतच संपायची. आणि विहिरीजवळ एक होता त्याला नावसुद्धा धड नव्हते, लोणच्याचा आंबा एवढेच म्हणायचे. त्याचे फळ कोणी पिकू देत नसे, कारण पिकूनही ते आंबटच राही. पण त्याच्या कैरीची फोड दुसऱ्या वर्षीच्या आषाढातही दाताखाली कचकन तुटायची. गावातल्या दहा घरची लोणची त्या एका झाडावर होत.

आज त्यातले एकही झाड नाही. कोणाला दोष देत नाही, कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. झाडाची सावली उसावर पडते आणि तेवढ्या पट्ट्यात उतारा कमी येतो. रायवळ एक वर्ष लदबदतो आणि पुढच्या वर्षी विसावा घेतो. चढून उतरवणारा गडी मिळत नाही. पिकलेले फळ बाजारात नेले तर हापूसच्या पेटीशेजारी त्याच्याकडे कोणी बघत नाही. आणि लाकडाचा व्यापारी मात्र दारात येऊन रोख पैसे मोजतो. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात आंबा अनुसूचित झाडांत आहे, स्वतःच्या रानातला असला तरी तोडायला परवानगी लागते. तरीही झाडे जातात, कारण कायद्याने शेतकऱ्याच्या हातात वर्षाला काही पडत नाही.

या कारखान्यामुळे पडते. त्यांची पोरे काठीला जाळी बांधलेले झेले घेऊन बांधावर जातात, कैरी न आपटता उतरवतात, तिथेच वजन आणि तिथेच पैसे. शेतकऱ्याला गडी शोधायचा नाही, गाडी करायची नाही. माझ्याकडच्या आरळ्याच्या मुलाने सांगितलेले मला विसरता येत नाही. त्याच्या वडिलांनी बांधावरचा आंबा व्यापाऱ्याला द्यायचे कबूल केले होते. कारखान्याने कैरी न्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी सौदा मोडला. ते झाड अजून उभे आहे.

पण हे किती दिवस चालेल याची खात्री नाही, आणि हे मालकानेच बोलून दाखवले. रायवळ कैरी लहान-मोठी, वेडीवाकडी. फोडायला वेळ जास्त लागतो, बाठीचे वजन जास्त जाते. राजापुरी ट्रकने येते, एकसारखी मोठी, गराने भरलेली, बायकांचे हात निम्म्या वेळात मोकळे होतात. बरणीत दोन्ही तेलाखाली सारख्याच दिसतात. गिऱ्हाईक भाव बघते आणि स्वस्त बरणी उचलते. "मावशी, कुणी विचारतच न्हाई हो, कैरी कुठली म्हणून. मग मी तरी किती दिवस डोंगरानं पोरं हिंडवायची?" त्याचे हे बोलणे रास्त आहे. राजापुरीशी माझे वैर नाही. किसून करायच्या गोड लोणच्याला तिच्यासारखी कैरी नाही आणि रायवळच्या विसाव्याच्या वर्षी तिच्याशिवाय कारखाना चालणार नाही. बरणीत राजापुरी असेल तर राजापुरी लिहा. मात्र जिथे रायवळ आहे तिथे रायवळ लिहिलेच पाहिजे, नाहीतर त्या वेगळ्या कष्टाला दाम मिळणार कुठून?

नाव सांगितले तर दाम मिळतो, हे मी त्याच दुकानात बघितले. दुकान म्हणजे एक मोठी खोली. भिंतीला लाकडी मांडणीवर बाटल्या आणि पाऊच, समोर फळीवर सुट्या लोणच्याच्या मोठ्या बरण्या. कैरी, लिंबू, भरली मिरची, भोकर, माईनमुळा, डोंगरातल्या कच्च्या करवंदाचे, ओल्या हळदीचे. आपला डबा नेला तर वजनावर सुटे देतात. मालकाची आई प्रत्येकाला भाकरीच्या तुकड्यावर चव देते. घ्याच असा आग्रह नाही, पण चव घेतल्याशिवाय बरणी हातात देत नाही. चांदोलीला निघालेले एक जोडपे आले होते. त्या बाई पाऊचच्या मागची बारीक अक्षरे मोबाईलच्या उजेडात वाचत होत्या. आजी त्यांना म्हणाल्या, "त्यात काय बघता, हे खाऊन बघा. ही कोकरूडची हाय, ही गुजरातची." दोघांनी दोन्ही चाखली. कोकरूडची फोड जास्त आंबट आणि कडक, गुजरातची मांसल आणि सौम्य. नवऱ्याला दुसरी आवडली, बाईंना पहिली. दोन्हीच्या बरण्या घेतल्या, आणि पहिलीला किलोमागे जे जास्त पडत होते त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. आजींनी तोंडाने सांगितले ते शिराळ्यात आलेल्यांना कळले. सांगलीच्या, साताऱ्याच्या किराणा दुकानात आजी बसलेल्या नसतात. तिथे बरणीनेच सांगायला हवे.

मी मालकाला हे तिथेच सुचवले. त्याची अडचण अशी, की लेबले हजारांनी छापून घ्यावी लागतात, दर ड्रमला वेगळे लेबल परवडणार नाही. मी म्हटले, बॅच क्रमांक आणि तारीख तर तुम्ही दर वेळी शिक्क्यानेच मारता. त्याच शिक्क्यात "रायवळ, कोकरूड, मे" एवढी अक्षरे बसतील. तो थोडा वेळ शिक्क्याकडेच बघत राहिला, मग बघतो म्हणाला. नियमाचीही आडकाठी नाही. लेबलवरचा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावा लागतो, पण त्याच्या जोडीला दुसरी भाषा वापरायला पूर्ण मोकळीक आहे. मग कोकरूडच्या कैरीची आणि सांगलीच्या गिऱ्हाइकाची गाठ मराठीत का घालून देऊ नये?

उद्या कोणीही उठून गुजरातच्या कैरीवर रायवळचा शिक्का मारेल, अशी शंका काही जण घेतील. शंका बरोबर आहे. पण खरेदीची वही आणि ड्रमची नोंद असलेल्या कारखान्याला ते पडताळून दाखवता येते. आणि असे पडताळणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या भागांतून युरोपला द्राक्षे जातात. २००६ पासून अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट व्यवस्थेत निर्यातीच्या बागेची नोंद होते आणि तिकडच्या दुकानात पोचलेली पेटी कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या बागेतली, इथपर्यंत माग काढता येतो. परदेशातल्या माणसाला आपल्या द्राक्षाचा गट नंबर कळू शकतो आणि सांगलीतल्या माणसाला आपल्याच जिल्ह्यातून आलेल्या कैरीचे गाव कळत नाही, हे मला पटत नाही. लोणच्यासाठी तेवढी मोठी व्यवस्था कोणी मागत नाही. शिक्क्यातले तीन शब्द मागते आहे.

कृषी विभागाला यात करता येण्यासारखे आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून अशा छोट्या उद्योगांना यंत्रांसाठी ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि त्याच योजनेत प्रशिक्षणही असते. त्या प्रशिक्षणात लेबलवर फळाचे गाव आणि जात लिहिण्याचा विषय घ्यावा. बचत गटांच्या बायका तर शेजारच्याच झाडाची कैरी वापरतात, त्यांच्या पाऊचवर ते अभिमानाने यायला हवे. सध्या जत्रेतल्या आणि प्रदर्शनांतल्या बहुतेक पाऊचवर "घरगुती" एवढाच शब्द असतो, त्यावरून कोणालाच काही कळत नाही.

पण सगळ्यात जास्त आम्हीच करू शकतो, म्हणजे खानावळवाल्या, हॉटेलवाले, मंगल कार्यालयांचे आचारी. आम्ही लोणचे पंधरा-पंधरा किलोंनी उचलतो. एखादे गिऱ्हाईक एका बरणीसाठी गाव विचारेल तर दुकानदार मान हलवेल. दहा डबे नेणारा विचारेल तेव्हा त्याला कारखान्याला फोन करावाच लागेल. माझी सांगलीतल्या सगळ्या खानावळवाल्यांना कळकळीची विनंती आहे, की या हंगामापासून डबा घेताना कैरी कुठली ते विचारा. उत्तर आले नाही तर पुढच्या वेळी पुन्हा विचारा. मी आमच्या फळ्यावर रोजच्या भाजीखाली "लोणचे: रायवळ कैरी, कोकरूड" असे लिहायला लागले आहे. पहिल्याच दिवशी पोरांनी रायवळ म्हणजे काय ते विचारले. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलांना हापूस, पायरी, तोतापुरी एवढीच नावे माहीत होती. जेवता जेवता मग बऱ्याच जणांना आपापल्या आजोळची झाडे आठवली. पलूसच्या एकाने त्याच्या मामाच्या बांधावरच्या आंब्याची हकिकत सांगितली. आरळ्याचा मात्र फुरंगटून बसला होता, आमचं गाव फळ्यावर कधी येणार म्हणून. आरळ्याचा ड्रम श्रावणात उघडणार आहे, असे मी मालकाला विचारून त्याला सांगितले आहे.

संपादक महोदय, आपल्या दैनिकात आंब्याच्या दिवसांत हापूसच्या आवकेची आणि भावाची बातमी रोज असते. एखादा दिवस रायवळला द्या. पावसाने भिजलेली कैरी कारखाना घेत नाही, म्हणून मोठा पाऊस लागेपर्यंतच तिथे फोडायचे काम चालेल. वार्ताहर पाठवणार असाल तर सकाळी आठच्या आत पोचेल असा पाठवा, बांधावरची कैरी त्या वेळी उतरते आणि शेतकरीही तिथेच भेटतात. कारखान्याचे नाव जाहिरात होऊ नये म्हणून पत्रात लिहिलेले नाही. ते आणि रस्ता आपल्या कार्यालयात फोन करून कळवते.

आपली नम्र,
एक खानावळचालक,
गावभाग, सांगली